आपले पाल्य, रोल नंबर बेचाळीस

खर्रर्र.

सँडलच्या वेल्क्रोचा हा आवाज ज्यांच्या घरी साडेचार वर्षांचं मूल आहे त्यांना समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगते. मुलाच्या भाषेत त्याचा अर्थ असा, की मी झोपलेली नाही, मघाशीही झोपलेली नव्हते, आता सँडल चढवलेत आणि आपण खाली जाणार आहोत. दुपारी दोन चाळीसची वेळ. सासूबाई आपल्या खोलीत चेहऱ्यावर पेपर घेऊन वाचत होत्या. त्या अशाच वाचतात. घरात अशी शांतता होती की मला माझ्या डोक्यातला गोंधळ स्वच्छ ऐकू येत होता. मी लॅपटॉपसमोर बसून एक ते दहा आकडे छापणारा प्रोग्राम लिहीत होते. एक ते दहा! आमच्या ऋताला हे बालवाडीत पहिल्याच महिन्यात आले. तेच संगणकालाही यावेत म्हणून मी वयाच्या एकतिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं होतं.

"आई, तुझे दहा झाले?" सँडल घालून ऋता दारात.

"नाही गं अजून."

"मी म्हणून दाखवू त्याला?"

त्याला म्हणजे लॅपटॉपला. तिनं म्हणून दाखवले. त्यानं माझ्याइतकंच तिचंही ऐकलं नाही.

कारण थोडक्यात सांगते. विक्रोळीच्या ज्या ऑफिसात मी ऋताच्या आधी काम करत होते, तिथल्या बाईंनी फोनवर फार गोड आवाजात सांगितलं होतं, "गंधाली, तुला परत घ्यायला आम्हाला आवडेलच. फक्त आता सगळ्यांना थोडं प्रोग्रामिंग यावं लागतं. पाच महिन्यांनंतरच्या एक तारखेपर्यंत पास झाल्याचा कागद आणलास तर जागा तुझी." पुढचं वाक्य त्या बोलल्या नाहीत, तरी मला ऐकू आलं. मी साडेचार वर्षं घरी होते, त्यामुळे लोकांची न बोललेली वाक्यं मला फार चांगली ऐकू येतात.

म्हणून घराजवळ, मुलुंडातल्याच एका कॉलेजात दुपारच्या बॅचला 'प्रोग्रामिंगची तोंडओळख' हा चार महिन्यांचा वर्ग. तोंडओळख म्हटल्यावर मला वाटलं, नमस्कार-चमत्कार होतील आणि सुटू. पण पहिली ओळख झाली ती ऑफिसच्या खिडकीतल्या दशरथ परबांशी. परब इथे तीस वर्षं आहेत, पण बोलतात अजून मालवणातून नुकतेच उतरल्यासारखे.

"ह्या रकान्यात सही खंय?" त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं. रकाना होता 'पालकांची सही'.

"मीच पालक आहे," मी म्हटलं. "म्हणजे, मला मुलगी आहे."

"मुलीची ॲडमिशन आसा?"

"नाही, माझी."

"मगे तुमचो पालक कोण?"

"अहो, मी एकतीस वर्षांची आहे!"

"ता हय जन्मतारखेत दिसता," परब अतिशय समजूतदारपणे म्हणाले. "पण सिस्टीम रिकामो रकानो घेणा नाय."

मी नवऱ्याला फोन लावला. सुबोध मीटिंगमध्ये होता. तो नेहमीच असतो. मी कधी लावते ते त्याच्या ऑफिसला आधी कळत असावं. शेवटी ऋताला सांभाळायला बरोबर आलेल्या सासूबाई पुढे झाल्या आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात सही केली: शुभा वामन सबनीस. मोबाइल नंबरही त्यांचाच. 'नातं' या रकान्यात सिस्टीमकडे काका होता, मामा होता, वसतिगृहाचा अधीक्षक होता. सासू नव्हती. परबांनी 'इतर' निवडलं.

"इतर?" सासूबाई म्हणाल्या. नगरपालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलेली बाई. 'इतर' म्हणवून घ्यायची सवय नव्हती. घरी येईपर्यंत त्या एकदाच बोलल्या, "पालक म्हणून सही केली आहे, तेव्हा आता लक्ष घालावं लागेल." मी हसले. हसायला नको होतं.

वर्गात सगळी अठरा वर्षांची मुलं. पहिल्या दिवशी वॉचमननं मला आदरानं अडवून 'पालकसभा पहिल्या मजल्यावर' असं सांगितलं. वर्गात शिरले तर चाळीस जण उठून उभे राहिले, आणि मी शेवटच्या बाकावर जाऊन बसल्यावर तेवढ्याच वेगानं खाली बसले. शेजारच्या यज्ञेशनं मला पहिल्या दिवशी 'मॅम' म्हटलं, दुसऱ्या दिवशी 'ताई', आणि तिसऱ्या दिवशी तोंडातून 'आंटी' निसटल्यावर घाबरून आपला अर्धा वडापाव दिला. शिकवणाऱ्या श्रुतिका मॅडम चोवीस वर्षांच्या. हजेरी घेताना त्या 'रोल नंबर बेचाळीस' म्हणून माझ्याकडे बघायच्या आणि हळूच पुटपुटायच्या, "सॉरी, ताई."

घरी सल्ल्यांची कमतरता नव्हती. सुबोध म्हणाला, "व्हिडिओ बघ ना, दीडपट वेगानं लाव, पटकन होतं." स्वतः त्यानं चार वर्षांत गिटारचे अडीचशे व्हिडिओ दीडपट वेगानं बघितलेत, गिटार माळ्यावर आहे. तळमजल्यावरचे शिवदास तावडे काका, विक्रोळीच्या एका कारखान्यातून नकाशे काढणारे म्हणून निवृत्त झालेले, त्यांनी तर जिन्यात थांबवून सांगितलं, "आमच्याकडे पहिला कम्प्युटर आला तेव्हा त्याच्या खोलीत चपला काढून जायचो. तुम्ही लोक त्याच्यासमोर चहा पिता. तो काय म्हणून ऐकेल तुमचं?" त्या दुपारी मी चपला काढून बसून पाहिलं. घरात मी तशीही चपला घालत नाही, त्यामुळे प्रयोग निर्णायक ठरला नाही.

मग ऋताला ताप आला. तीन दिवस मी कॉलेजला गेले नाही. चौथ्या दिवशी सासूबाई मोबाइल घेऊन खोलीत आल्या. मी ऋताच्या कपाळावर पट्टी ठेवत होते.

"गंधाली, 'आपले पाल्य, रोल नंबर बेचाळीस, सलग तीन दिवस तासाला गैरहजर आहे.' हे काय?"

"आई, ऋताला ताप आहे. तुम्हीच तर रात्रभर पट्ट्या ठेवल्यात."

"ते मला माहीत आहे गं. पण त्यांना कारण नको कळवायला?"

आणि त्यांनी रेघी कागदावर पत्र लिहिलं. 'माझी पाल्य कौटुंबिक कारणास्तव येऊ शकली नाही, तरी तिचा अभ्यास बुडाला त्याबद्दल मला मनापासून खेद वाटतो.' खेद त्यांना वाटत होता. मला फक्त झोप येत होती.

आता मुख्य संकटाकडे येते, ते म्हणजे जर्नल. बाहेरच्या जगाचा असा समज आहे की संगणकाचा प्रोग्राम संगणकावर लिहितात. आमच्या कॉलेजात तो जाड पुठ्ठ्याच्या वहीत निळ्या शाईनं हातानं लिहितात. उजव्या रेघी पानावर प्रोग्राम. डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं फ्लोचार्ट, म्हणजे प्रोग्राम कुठून कुठे जातो त्याचा चौकटी-बाणांचा नकाशा. असे पंधरा प्रोग्राम. शेवटी मॅडमची सही आणि ऑफिसचा शिक्का. शिक्का नाही तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा शनिवारी. जर्नल शुक्रवारी चार वाजेपर्यंत. 'रोजच्या रोज लिहा' असं मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण तापानंतर सासूबाईंचा गुडघा धरला, मग बालवाडीत भाज्यांचा दिवस आला आणि ऋताला दुधी भोपळा व्हायचं होतं. दुधीला तीन दुपारी लागल्या. त्या सोमवारी माझ्या जर्नलच्या वेष्टनावर माझं नाव होतं. आत काही नव्हतं.

"रडतेस काय?" सासूबाई म्हणाल्या. "तुझे प्रोग्राम कागदावर छापून दे. मी उतरवून काढते. चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलंय."

मी दिले. एवढं तरी मला करता येत होतं. पंधराही प्रोग्राम लॅपटॉपवर कसेबसे, यज्ञेशच्या मदतीनं, चालत होते. फ्लोचार्टचं तावडे काकांच्या कानावर गेलं, आणि ते आपला ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि पाच प्रकारच्या पेन्सिली घेऊन वर आले. निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी कोणीतरी त्यांना नकाशा मागितला होता. 'एक ते दहा छापा' या प्रोग्रामचा फ्लोचार्ट त्यांनी असा काढला की त्यावरून धरण बांधता आलं असतं. प्रत्येक चौकटीची लांबी मिलिमीटरमध्ये. खाली कोपऱ्यात 'प्रमाण एकास एक', आणि 'काढणार', 'तपासणार', 'मान्य करणार' असे तीन रकाने. पहिल्या दोन रकान्यांत त्यांच्याच सह्या होत्या.

दोन दिवस घरात कारखाना चालला. मंगळवारी संध्याकाळी सासूबाईंनी जर्नल माझ्या हातात दिलं. अक्षर असं, की दृष्ट लागावी. "तुमचा प्रिंटर वाकडा आहे बाई," त्या म्हणाल्या. "ओळी कुठेही आत सरकवून ठेवल्या होत्या. मी सगळ्या समासाला लावून सरळ केल्या."

मी बघितलं. लाल समासापासून प्रत्येक ओळ सरळ रेषेत सुरू झालेली. सुंदर दिसत होतं. इतकं सुंदर, की काय झालंय ते माझ्या लक्षातच आलं नाही. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, माझं प्रोग्रामिंग त्या वेळी कुठवर पोचलं होतं याचा यापेक्षा प्रामाणिक पुरावा नसेल.

श्रुतिका मॅडमच्या मात्र बुधवारी लगेच लक्षात आलं. त्यांनी पहिला फ्लोचार्ट बघून "वॉव" म्हटलं, मग उजवीकडच्या पानाकडे बघून चष्मा काढला. "ताई, एकही ओळ आत नाहीये."

"म्हणजे?"

"मी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. दहा वेळा काय करायचं ते आतल्या ओळीत लिहितो ना आपण, चार जागा सोडून. त्या जागा नसतील तर प्रोग्राम चालतच नाही." त्यांनी पानं उलटली. "पंधराही. हे असं मी मंजूर नाही करू शकत. सॉरी, ताई."

पहिल्या आठवड्यात ऋताचा दात दुखत होता की काहीतरी. घरी येताना मी ठरवलं की सासूबाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही. दोन दिवस त्यांनी गुडघा उशीवर ठेवून लिहिलं होतं. त्यांना सांगायचं, मॅडमना फार आवडलं, आणि आपण गुपचूप कुठेतरी बसून परत लिहायचं. कुठेतरी म्हणजे कुठे, हे ठरत नव्हतं. आमच्या घरात गुपचूप बसायची एकच जागा आहे आणि तिचंही दार ऋता वाजवते.

दार उघडलं तर सासूबाई इस्त्रीच्या सुती साडीत, हातात पर्स. ऋता सँडल घालून तयार.

"मेसेज आला," त्या म्हणाल्या. "'आपले पाल्य, रोल नंबर बेचाळीस, यांचे जर्नल नामंजूर. पालकांनी भेटावे.' चल."

"आई, अहो तो मशीन पाठवतं. खरंच कोणी जात नाही."

"म्हणूनच ही वेळ येते."

तीन वाजता आम्ही तिघी लॅबमध्ये. श्रुतिका मॅडम उठून उभ्या राहिल्या. "काकू, बसा ना."

"मी उभी बरी आहे. ह्या वहीत काय चुकलं तेवढं दाखवा. एक खाडाखोड दाखवा."

मॅडमनी वाद घातला नाही, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. त्यांनी संगणक सुरू केला आणि सासूबाईंनी लिहिलं होतं तस्संच्या तस्सं टाइप करून चालवलं. पडद्यावर लाल अक्षरं. ऋता फिरत्या खुर्चीत गोल गोल फिरत ओरडली, "आजीला चुकीचं आलं!"

सासूबाईंनी चष्मा लावला. "काय म्हणतंय ते?"

"पुढची ओळ आत असायला हवी, म्हणतंय. काकू, वरची ओळ सांगते की दहा वेळा करा. पण नेमकं कोणी करायचं, हे तिच्या आत कोण आहे त्यावरून कळतं."

सासूबाईंनी वही पडद्याशेजारी धरून दोन्हीकडच्या ओळी ताडून पाहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. मग म्हणाल्या, "म्हणजे आतल्या ओळी त्या वरच्या ओळीच्या घरातल्या."

"हो, अगदी."

"आणि मी सगळ्यांना वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चूक माझी आहे."

लग्नाला सात वर्षं झाली. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. सोळावा प्रोग्राम म्हणून ते जर्नलमध्ये लिहून घ्यावं आणि खाली मॅडमची सही घ्यावी असं मला फार वाटलं. पण तेवढ्यात सासूबाईंनी शेवटचं पान उघडलं.

"एक विचारू? हे अक्षर हिचं नाही, हे तुम्हाला दिसलं नाही?"

श्रुतिका मॅडम खाली बघू लागल्या. "दिसलं. पण काकू, सगळेच कोणाकडून तरी..."

"सगळ्यांचं सोडा. इथे छापलंय, 'सदर कार्य विद्यार्थ्याने स्वतः केले आहे.' आणि खाली सही तुम्ही करणार. चौतीस वर्षं मी असल्या सह्या केल्या, एकही खोटी नाही. हिला परत लिहायला लावा. पंधराच्या पंधरा, स्वतःच्या हातानं. शुक्रवारी आणेल."

"आई!" मी म्हणाले. "तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?"

"मी इथे पालक म्हणून आले आहे," सासूबाई म्हणाल्या.

दोघी शिक्षिका एकमेकींकडे बघून हसल्या. जगात दोन शिक्षिका एकत्र आल्या की रोल नंबर बेचाळीसला कोणी नसतं.

तावडे काकांचे नकाशेही त्याच न्यायानं रद्द झाले. ते दुखावले. "एकही रेघ चुकीची नव्हती," एवढंच म्हणाले आणि बोर्ड घेऊन खाली गेले. अर्ध्या तासानं परत आले आणि चौकटींची स्टेन्सिल माझ्या हातात देऊन म्हणाले, "पेन्सिलला टोक काढून वापरा. आणि निदान 'तपासणार' मध्ये मला राहू द्या."

गुरुवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर श्रुतलेखन सुरू झालं. मी नवीन जर्नल घेऊन एका बाजूला, समोर सासूबाई, शेजारी ऋता स्वतःचं जर्नल घेऊन. सासूबाईंनी चहाच्या खोक्याचा पुठ्ठा चार अक्षरांच्या रुंदीचा कापून दिला. आतली ओळ आली की पट्टी समासाला लावायची आणि तिच्यापुढे लिहायचं.

"फॉर, आय, इन, रेंज, कंस सुरू, एक, स्वल्पविराम, अकरा, कंस पूर्ण, अपूर्णविराम. पुढची ओळ आत. पट्टी लाव. गंधाली, अकरा का गं? दहाच छापायचेत ना?"

"अकरा लिहिलं की तो दहापर्यंतच जातो, आई."

"म्हणजे एक जास्त सांगावं लागतं. सुबोधसारखं."

"आजी, पट्टी मला पण!" तिलाही पट्टी मिळाली. तिनं ती कपाळाला लावली आणि दिवसभर कोणी विचारलं की "मी आतली ओळ आहे" असं सांगत हिंडली.

नवव्या प्रोग्रामपर्यंत बोटाला घट्टा पडला होता. नववा होता चांदण्यांचा त्रिकोण, त्यात एका फेरीच्या आत दुसरी फेरी. सासूबाई थबकल्या. "आत, आणि त्याच्याही आत? मग ही नातवंडं. पट्टी दोनदा लाव." मी दोनदा लावली आणि लिहिलं. आणि लिहिता लिहिता, सांगायला लाज वाटते, ते मला कळलं. बाहेरची फेरी एकदा होते, तेवढ्यात आतली पूर्ण चालून होते. चार महिने व्हिडिओ, यज्ञेश आणि फिरता पंखा बघून जे कळलं नव्हतं ते चहाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यानं कळलं. मी म्हटलं, "आई, थांबा, दहावा तुम्ही न सांगता लिहिते." आणि लिहिला. सासूबाईंनी तपासला आणि उठून माझ्यासमोर आल्याचा चहा ठेवला. त्यांच्या गुडघ्याला उठणं किती महाग पडतं ते मला माहीत आहे.

शुक्रवारी श्रुतिका मॅडमनी एका मिनिटात सही केली. राहिला शिक्का. शिक्का कपाटात, किल्ली परबांकडे, आणि परब जेवायला. तीन पन्नासला ते ढेकर देत आले, प्रमाणपत्राचं पान नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "पालकांची सही खंय?"

"इथे तसा रकानाच नाही!"

"रकानो नाय?" परबांनी ड्रॉवरमधून पट्टी काढली. "मगे मी आखतंय."

त्यांनी आखला. बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंनी सही केली. नात्याच्या जागी परबांनी पेन थांबवलं, सासूबाईंकडे बघितलं, आणि या वेळी स्वतःच्या जबाबदारीवर 'सासू' लिहिलं. तीन अठ्ठावन्नला शिक्का बसला.

शनिवारी परीक्षेत चिठ्ठी उचलली तर पाढा छापायचा प्रोग्राम. पहिल्यांदा चालवला तर लाल अक्षरं. चार महिन्यांपूर्वी मी लॅपटॉप मिटून रडले असते. या वेळी ओळ वाचली. अपूर्णविराम राहिला होता. तो दिला आणि सातचा पाढा पडद्यावर सरसर उतरला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "इथे जागा का सोडल्यात?" मी म्हटलं, "नाही सोडल्या तर वेगळं बिऱ्हाड होतं, सर." त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं, मग वहीतल्या 'तपासणार: शि. ग. तावडे' कडे, आणि पुढचं काही विचारायचं टाळलं.

पन्नासपैकी अडतीस. यज्ञेशला पस्तीस, तो आता मला फक्त 'गंधाली' म्हणतो. तावडे काकांनी फ्लोचार्टचे पैकीच्या पैकी मिळाले का, एवढंच विचारलं. सुबोध म्हणाला, "बघ, मी म्हटलं होतं ना." काय म्हटलं होतं ते मी विचारलं नाही. सासूबाईंना मेसेज माझ्या आधी पोचला होता. "बारा कुठे गेले?" त्या म्हणाल्या, आणि मग शेजारणीला फोन करून सांगितलं की आमच्या पाल्याला प्रथम श्रेणी मिळाली.

अठ्ठावीस तारखेला कागद विक्रोळीला पोचला. त्या गोड आवाजाच्या बाईंनी या वेळी सगळी वाक्यं पूर्ण बोलून दाखवली. एक तारखेपासून, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच दोन पावलं नाचले. मग मागे बघितलं तर ऋता दारात उभी.

तिला सांगितलं. आईला ऑफिस मिळालं. आजी घरी असेल, बालवाडीतून आणायला आजीच येईल, संध्याकाळी आई येईल. तिनं सगळं शहाण्यासारखं ऐकून घेतलं. इतक्या शहाण्यासारखं, की मला भीती वाटायला लागली.

"नऊ ते सहा म्हणजे किती?"

"नऊ तास," मी म्हटलं. नऊ बोटं दाखवली.

तिनं माझी बोटं एकेक करून मिटली.

"बोटं नकोत," ती म्हणाली. "मी किती वेळा 'आई' म्हटलं की तू येशील?"